मागचे झाकण उघडल्यावर

पुण्यातले घड्याळजी 'मूव्हमेंट' हा शब्द फारसा वापरत नाहीत. त्यांच्या लेखी घड्याळाच्या पोटात असते ते 'मशीन'. मशीन चांगलं आहे, मशीन धुवायला झालंय, मशीन बदललेलं दिसतंय. यातले तिसरे वाक्य ऐकले की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका स्नेह्यांचा चेहरा असाच उतरला. त्यांनी फोनवरची जाहिरात पाहून एका अनोळखी माणसाकडून ओमेगाचे सीमास्टर घेतले होते. सव्वा लाख रुपये, रोख. लाकडी पेटी, वॉरंटीचे कार्ड, कापडी पिशवी, सगळे जागच्या जागी. आम्ही शनिवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानात गेलो. दुकान कसले, एक टेबल, एक दिवा आणि मालकापुरती जागा. काकांनी पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. घड्याळ उचलले आणि ठोके मोजणाऱ्या टाइमग्राफरच्या मायक्रोफोनवर ठेवले. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "साहेब, हे सेकंदाला आठ ठोके देतंय. यानं सात द्यायला पाहिजेत."

एवढ्यावर निकाल लागला होता. २०१८ पासूनच्या सीमास्टर ३०० मीटरमध्ये ओमेगाचे ८८०० हे मशीन असते आणि त्याचा बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारे चाक, तासाला २५,२०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला सात. आमच्या समोरच्या पडद्यावर आकडा होता २८,८००. झाकण उघडायची गरजही नव्हती. तरी काकांनी उघडले, कारण स्नेह्यांचा विश्वास बसेना. आत रोटरवर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी देणाऱ्या वजनावर, ओमेगाचे नाव होते, लाल अक्षरे होती, लाटांसारखी नक्षी होती. हेअरस्प्रिंग मात्र साध्या धातूची होती. खऱ्या ८८०० मध्ये ती सिलिकॉनची असते आणि ते मशीन १५,००० गॉसपर्यंतचे चुंबकीय क्षेत्र सहन करते.

या विषयावर जितके लिहिले-बोलले जाते ते बहुतेक 'खोटे घड्याळ वाईट असते' या समजुतीवर उभे असते. हलके असते, मागे पडते, सहा महिन्यांत बंद पडते, सेकंदकाटा उड्या मारत जातो. वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज पेठेतला जाणता घड्याळजी वेगळाच प्रश्न विचारतो. मशीन चांगले की वाईट हे तो नंतर पाहतो. तबकडीने जे मशीन आत असल्याचा दावा केला आहे तेच आत आहे का, एवढे त्याला आधी हवे असते. दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहाव्यात तसा हा प्रकार आहे. त्यासाठी तबकडीचा दावा नेमका काय आहे हे आधी माहीत हवे, आणि बहुतेक गिऱ्हाइके अडतात ती तिथेच.

कारण 'असली' या शब्दाचा अर्थ घड्याळाच्या धंद्यात वाटतो तितका सरळ नाही. तबकडीवर ज्याचे नाव, त्यानेच मशीन बनवलेले असणार ही आपली कल्पना. स्विस धंद्याची परंपरा नेमकी उलट आहे. तिथे शेकडो वर्षे एकाने कच्चे मशीन करायचे, दुसऱ्याने ते घासून-पुसून सजवायचे आणि तिसऱ्याने आपल्या नावाने विकायचे असे चालत आले. ईटीए या कारखान्याचे २८२४-२ हे पंचवीस ज्वेलचे स्वयंचलित मशीन किती कंपन्यांच्या घड्याळांत बसले याची गणती नाही. रोलेक्सचे डेटोना १९८८ ते २००० या काळात झेनिथच्या एल प्रिमेरोवर बेतलेल्या मशीनवर चालत होते. रोलेक्सने त्यात पुष्कळ बदल केले, ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले, पण मूळ झेनिथचे. ओमेगाने १९९९ मध्ये जॉर्ज डॅनियल्सची को-अ‍ॅक्सियल रचना पहिल्यांदा बाजारात आणली तीही ईटीए २८९२ च्या पायावर. टॅग ह्यूअरने २००९ च्या अखेरीस १८८७ नावाचे मशीन मोठ्या थाटात स्वतःचे म्हणून जाहीर केले आणि नंतर त्याचा मूळ आराखडा जपानच्या सेकोचा असल्याचे मान्य करावे लागले. ही सगळी घड्याळे असलीच आहेत.

उलट बाजूही पाहावी. २८२४ च्या रचनेवरचे हक्क संपल्यावर स्वित्झर्लंडमधल्याच सेलिटाने जवळजवळ तेच मशीन एसडब्ल्यू२०० या नावाने काढले. एक ज्वेल जास्त, बाकी भाऊच. चीनमध्येही तसेच मशीन निघाले. सेलिटाचे मशीन घातलेले घड्याळ लोक लाखभर रुपयांना आनंदाने घेतात, आणि चिनी म्हटले की नाक मुरडतात. तिआनजिनच्या सीगलने साठच्या दशकात व्हीनस १७५ या स्विस क्रोनोग्राफची यंत्रसामग्री रीतसर विकत घेऊन आपल्या हवाई दलासाठी घड्याळ बनवले. त्याच वंशातले एसटी१९ आजही निघते आणि सीगलच्याच नावाने विकले जाते. त्यात खोटे काही नाही. तेच मशीन दुसऱ्याचे नाव चोरलेल्या तबकडीखाली बसवले की मात्र लबाडी सुरू होते. पितळ आणि पोलाद बिचारे दोन्हीकडे सारखेच.

ही लबाडी नवी नाही. पॅरिसच्या ब्रेगेच्या नावाने इतकी बनावट घड्याळे निघू लागली की १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. प्रकाश तिरपा पडला तरच ती दिसे. लाँजिनने पंखांच्या वाळूघड्याळाचे चिन्ह १८८९ मध्ये नोंदवले ते याच धाकाने. आपल्याकडे स्विस घड्याळे यायला लागली ती मुंबईमार्गे. फाव्र-ल्यूबा ही १७३७ सालची पेढी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती, पुढे वेस्ट एंड आली. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या फडताळांत जी घड्याळे निघतात त्यांत ही दोन नावे हमखास असतात. हिंदुस्थानी गिऱ्हाइकांच्या किती पिढ्या फाव्र-ल्यूबावर वाढल्या याचे गमतीचे प्रत्यंतर म्हणजे ती कंपनी २०११ मध्ये टायटनने विकत घेतली आणि २०२३ मध्ये इथॉसने. मालक भारतीय, घड्याळ स्विस. असली-नकलीच्या पट्टीवर हे कुठे बसवायचे ते वाचकाने ठरवावे.

आता परीक्षेकडे वळू. झाकण न उघडता करता येण्यासारख्या परीक्षा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही इतक्या नेमक्या आहेत की त्या लोकांना माहीत का नसाव्यात याचे आश्चर्य वाटते.

रोलेक्सचे जीएमटी-मास्टर दोन घ्या. १९८३ पासून या घड्याळात चावी एक पायरी ओढली की तासकाटा एकेक तासाची उडी घेतो आणि चोवीस तासांचा काटा जागचा हलत नाही. प्रवासात स्थानिक वेळ लावायची सोय. स्वस्त नकलेत उलट घडते. तासकाटा स्थिर आणि चोवीस तासांचा काटा फिरतो, कारण आतले मशीनच वेगळ्या जातीचे असते. दुकानात उभ्या-उभ्या दहा सेकंदांत कळते. तारीख नसलेले सबमरीनर असेल तर चावी ओढून पायऱ्या मोजाव्यात. खऱ्यात तारखेसाठीची मधली पायरी नसतेच. नकलेत तारखेचे मशीन तबकडीखाली झाकलेले असते, म्हणून चावीला एक भुताटकीची पायरी मिळते, तिथे फिरवले तर काहीच हलत नाही, आत मात्र न दिसणारी तारीख बदलत असते. (ही परीक्षा रोलेक्सपुरतीच ठेवावी. दुसऱ्या कंपन्यांच्या तारीख नसलेल्या अस्सल घड्याळांतही ईटीएच्या मशीनमुळे ही पायरी सापडते.)

क्रोनोग्राफ तर आपणहून बोलतो. २००० पासूनच्या डेटोनाचा चालू सेकंद सहाच्या बाजूला असतो. व्हालझू ७७५० या मशीनच्या मूळ मांडणीत तो नऊच्या बाजूला असतो. नकलाकार याच ७७५० च्या चिनी भावंडाला जादा चाके जोडून काटे हलवतात, त्यामुळे मशीन जाड होते आणि घड्याळ मनगटावर उंच बसते. फुटपाथवरच्या मालात तर तीन छोट्या तबकड्यांपैकी एक वार दाखवते, एक तारीख, एक चोवीस तास, आणि बटण दाबले की वार पुढे सरकतो. तसेच ओमेगाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनलचे. ते चावीचे घड्याळ आहे. चंद्रावर गेलेले घड्याळ म्हणून कोणी देऊ लागला आणि मनगट हलवताना आत रोटर घरघरला, तर नमस्कार करून उठावे.

सेकंदकाट्याच्या बाबतीत मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. 'काटा टिकटिक करतो म्हणजे नकली, सरकतो म्हणजे असली' हा नियम लग्नमंडपात ऐकायला बरा. कार्टियर, ओमेगा यांची क्वार्ट्‌झ घड्याळे अस्सल असून टिकटिक करतात. रोलेक्सनेही १९७७ पासून सुमारे पाव शतक ऑयस्टरक्वार्ट्‌झ विकले. आणि सरकणारा काटा तर शेपाचशे रुपयांच्या चिनी मशीनलाही असतो. सरकण्याचा वेग मोजला तर उपयोग. डीजी२८१३ हे नकलांत सर्रास सापडणारे चिनी मशीन सेकंदाला सहा ठोके देते, रोलेक्सची आजची बहुतेक मशीन आठ. फोनच्या कॅमेऱ्यात संथगती चित्रण करून काट्याच्या उड्या मोजता येतात. मी मोजल्या आहेत. डोळे दुखतात, पण जमते.

'काचेच्या पाठीचे रोलेक्स खोटेच' हाही एक लाडका नियम. बरीच वर्षे तो जवळजवळ खरा होता, पण २०२३ मध्ये रोलेक्सने १९०८ नावाचे घड्याळ आणि प्लॅटिनमचे डेटोना काचेच्या पाठीसह काढले. नियम पाठ करणाऱ्याची अशी फसगत होते.

टाइमग्राफर हे साधन आता पुण्यात बहुतेक चांगल्या घड्याळजींकडे दिसते. बहुधा तेही चिनी बनावटीचेच. ते ठोके ऐकते आणि तीन गोष्टी सांगते: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंश झुलतो, दोन ठोके सारख्या अंतराने पडतात की नाही. त्यात एक आकडा आपल्याला भरावा लागतो, लिफ्ट अँगल. बहुतेक मशीनना तो ५२ अंशांच्या आसपास चालतो, ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियलला ३८. हा बदल न करता कोणी तुमच्या खऱ्या ओमेगाचा झोका बिघडलेला दाखवला, तर दोष घड्याळाचा नसतो. आणि आलेख सरळ आला म्हणून घड्याळ असली ठरत नाही, हे तर शंभरदा सांगावे लागते. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था १९७३ पासून मशीन तपासून क्रोनोमीटरचा दाखला देते. पंधरा दिवस, पाच स्थितींत, तीन तापमानांत चाचणी आणि सरासरी फरक दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत. चांगल्या हाताने लावलेले चिनी मशीन तुमच्या टेबलावर या मर्यादेत सहज बसू शकते. अचूकपणा हा कारागिराचा गुण आहे, त्यावरून कूळ कळत नाही.

कूळ कळते ते झाकण उघडल्यावर. यासाठी योग्य चावी लागते. रोलेक्सच्या झाकणाला कडेने बारीक खाचा असतात, तिथे चिमट्याने ओरखडे काढलेले दिसले तर आधी कोणीतरी आत जाऊन आल्याचे समजावे. आत गेल्यावर जाणता माणूस रोटरवरचे नाव वाचत बसत नाही, कारण नाव कोरायला काय लागते. तो सरळ बॅलन्सकडे जातो. रोलेक्सच्या ३१३५ या १९८८ सालच्या मशीनमध्ये, जे तीसेक वर्षे सबमरीनरपासून डेटजस्टपर्यंत बसत राहिले, बॅलन्सवरचा ब्रिज दोन्ही बाजूंनी स्क्रूने पक्का केलेला असतो. पुलासारखा आरपार. ईटीए २८२४ मध्ये तो एका बाजूनेच धरलेला असतो. दुसरी गोष्ट, वेग कमी-जास्त करण्याची सोय. ईटीएमध्ये अधिक-उणे खुणांपाशी सरकणारी बारीक दांडी असते. ३१३५ मध्ये अशी दांडी नाही. तिथे बॅलन्सच्या आतल्या कडेला सोन्याचे चार इवलेसे नट असतात, मायक्रोस्टेला नावाचे, आणि खास चावीने ते फिरवून वेळ लावतात. तेव्हा रोलेक्सचे ३१३५ म्हणून दाखवलेल्या मशीनमध्ये ती दांडी दिसली तर पुढे काही पाहायचे कारण नाही. तिसरी खूण, हेअरस्प्रिंगचे शेवटचे वळण. ते वर उचलून आत वळवलेले असते, ब्रेगेच्या पद्धतीचे. रोटरखालची लालसर रंगाची चाके सगळ्यांना माहीत आहेत, म्हणूनच त्यांच्यावर विसंबू नये. लाल रंग लावायला पैसे पडत नाहीत.

मध्यम दर्जाच्या नकलेत एक मजेशीर युक्ती दिसते. साध्या मशीनवर कोरीव काम केलेला एक पातळ पत्रा बसवतात, रोलेक्सच्या ब्रिजसारखा दिसणारा. त्याचे काम फक्त दिसणे. भिंगाखाली पत्र्याच्या खाली खरे मशीन डोकावते, आणि पत्र्यावरचे 'ज्वेल' कुठल्याच आसाला आधार देत नसतात. नाटकातल्या महालासारखे, मागून बांबू.

यापुढे घासकामाची परीक्षा सुरू होते आणि तिथे आपण डोळ्याच्या सवयीच्या राज्यात जातो. चांगल्या स्विस मशीनमध्ये ब्रिजची कड तिरपी छाटून आरशासारखी केलेली असते. आतला काटकोन जिथे दोन तिरप्या कडा भेटतात तो यंत्राने नीट होत नाही, हाताने घासावा लागतो. स्क्रूच्या खाचेच्या कडासुद्धा साफ असतात. अक्षरे कोरलेली असतात, लेसरने जाळलेली असली तर तळ काळपट आणि कड खरबरीत दिसते. दहापटीच्या भिंगाखाली हे फरक दिसतात, पण ते ओळखायला आधी चार अस्सल मशीन उघडून पाहिलेली हवीत. पुण्यात रोलेक्स किंवा पाटेक उघडायला मिळालेले किती घड्याळजी असतील? कंपन्या आपले भाग बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना देत नाहीत किंवा मोजक्यांनाच देतात. रोलेक्स असेच वागते, आणि स्वॉच समूहानेही ईटीएच्या भागांचा हात आखडता घेतला. म्हणजे ज्या माणसाच्या नजरेवर गिऱ्हाइकाची भिस्त, त्याच्या हातून ती घड्याळे जातच नाहीत अशी व्यवस्था होत चालली आहे. ही गोष्ट मला नकली मालाइतकीच गंभीर वाटते.

आणि आता क्लोनविषयी. बाजारातली भाषा मोठी उद्योगी आहे: फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन ए, स्विस क्लोन. यांतला शेवटचा शब्द वगळता बाकी सारे एकाच गोधडीचे तुकडे. क्लोन मात्र वेगळा. चिनी कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत ३१३५ आणि त्यानंतरचे २०१५ सालचे ३२३५ यांसारखी मशीन भागागणिक उतरवली. दोन्ही बाजूंनी धरलेला ब्रिज, दांडीशिवायचा बॅलन्स, चावीच्या पायऱ्या, तासकाट्याची उडी, सगळे. वर सांगितलेल्या बहुतेक परीक्षा असे मशीन उत्तीर्ण होते. उरतो तो घासकामाचा फरक, धातूचा कस, तेलाची जागा, आणि दहा वर्षांनी काय होईल हा प्रश्न. माझ्या स्नेह्यांचे सीमास्टर आठ ठोके देणारे निघाले हे त्यांचे नशीबच म्हणायचे. महाग नकलाकारांनी सातचा हिशेबही जुळवलेला आहे. तसे मिळते तर शनिवार पेठेतल्या त्या टेबलावर अर्ध्या मिनिटात काहीच कळले नसते.

तेव्हा लाखांच्या घड्याळाला आज मशीनची साक्ष लागते, पण पुरत नाही. दुसरा पुरावा कागदाचा. कोठून घेतले, कोणाच्या नावे बिल, कंपनीकडे सर्व्हिसिंग कधी झाले. पुणेकर बिल जपून ठेवतो याची चेष्टा होते. जुन्या घड्याळांच्या बाजारात त्या सवयीला भाव आहे. पेटी आणि कार्ड यांना तो भाव देऊ नये, तीही छापून मिळतात. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये किमान तीन वर्षे जुनी घड्याळे स्वतः तपासून दोन वर्षांच्या हमीसह विकण्याची योजना सुरू केली, ब्राइटलिंगने २०२० मध्ये डिजिटल पासपोर्ट आणला. या साऱ्याचा अर्थ एकच, की कंपन्यांचाही नुसत्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला आहे.

पण कागद आणि कंपनी दोन्ही आपल्या बाजूला असूनही काय होते ते जिनिव्हात दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. घेणारे खुद्द ओमेगाचे संग्रहालय. २०२३ मध्ये उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभे केलेले होते, आणि या कारस्थानात आपलेच तिघे माजी कर्मचारी असल्याचे ओमेगाने सांगितले. संग्राहक अशा जोडकामाला 'फ्रँकन' म्हणतात. इथे सुटे भाग बहुतेक जुने, कुळातले. एकत्र नांदवलेला संसार तेवढा बनावट.

हा प्रकार ऐकून जुन्या बाजारात फिरलेल्या पुणेकराला हसू येईल, कारण आपल्याकडे तो फार आधीपासून आहे. शाहीर अमर शेख चौकाजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या बाजारात, आणि आता फोनवरही, एचएमटीचा ढीग मिळतो. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साह्याने बंगळुरात १९६१ मध्ये घड्याळे करायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावे मराठी घरांत मुलांच्या नावांइतकी ओळखीची. दहावीच्या निकालाला जनता, लग्नात कांचन. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घड्याळांचा कारखाना बंद करण्यावर शिक्का मारला आणि एकाएकी भाव चढले. मग 'मुंबई स्पेशल' पुढे आली. जगभरचे संग्राहक हे नाव तुच्छतेने घेतात. जुने, खरे, चावीचे सतरा ज्वेलचे मशीन, त्यावर नव्याने रंगवलेली तबकडी. कधी चटक निळी, कधी अर्धी लाल, कधी कंपनीने जन्मात न काढलेली नक्षी. एचएमटी, फाव्र-ल्यूबा, जुनी सिटिझन, सगळ्यांवर हा रंगपंचमीचा प्रयोग झालेला आहे.

म्हणजे लक्झरी नकलेत तोंडवळा कुळीन आणि पोट परके, मुंबई स्पेशलमध्ये पोट खरे आणि तोंडवळा उसना. तपासायची रीत तीच, फक्त उलट दिशेने. तबकडीची छपाई भिंगाखाली पाहावी. मूळ छपाईची अक्षरे टोकदार आणि एका उंचीची, नव्याची कडा फुटलेली, शाई पसरलेली. खुणा काट्यांच्या टोकाशी जुळतात का पाहावे. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा शोधाव्यात. दुरुस्ती करणारा घड्याळजी तिथे तारीख किंवा आपले चिन्ह कोरून ठेवतो. तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या घड्याळात अशा दोन-चार खुणा असल्या तर बरे वाटते. झाकण आतून कोरे करकरीत आणि बाहेरून झिजलेले असले तर दोघांची गाठ कधी पडली ते विचारावे. मुंबई स्पेशल विकणारे सगळेच फसवे असतात असे मी म्हणणार नाही. शेकडो बंद घड्याळे त्यांनी चालती केली, आणि बाराशे रुपयांत चावीचे चालते घड्याळ मिळाले म्हणून आनंदलेली कॉलेजची पोरे मी पाहिली आहेत. 'रंगवलेली तबकडी' एवढे सांगून विकले तर तक्रार संपली.

कायद्याची बाजू थोडक्यात. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या १०३ आणि १०४ या कलमांखाली खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पोलीस उपअधीक्षक वा समकक्ष, म्हणजे पुण्यात सहायक पोलीस आयुक्त, दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय जप्ती करू शकतो, पण त्याआधी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घ्यावे लागते. खऱ्याच्या भावाने खोटे गळ्यात मारले तर फसवणुकीचे वेगळे कलम, भारतीय न्याय संहितेचे ३१८. व्यवहारात अडचण पुराव्याची. विकणाऱ्याचा नंबर बंद, पैसे रोख, आणि गिऱ्हाईक 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प. फर्स्ट कॉपी जाणूनबुजून घेणारा तर तक्रार करणारच नाही, त्याला हवे होते तेच मिळाले. स्विस मालावरचे आयातशुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघाबरोबरच्या करारामुळे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. त्याने खऱ्याची किंमत थोडी खाली येईल. नकलेचे गिऱ्हाईक त्यामुळे तुटेल असे मला वाटत नाही. त्याचे आणि खऱ्या घड्याळाचे अंतर दहा-वीस टक्क्यांचे नाहीच.

स्नेह्यांनी तक्रार केली नाही. नंबर लागत नव्हता, घरी सांगितलेले नव्हते. घड्याळ परत घ्यायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "मशीन चांगलं आहे हो तसं. दिवसाला चार सेकंद पुढं. वापरा." मग थांबून विचारले, "विकणार नाही ना पुढं कुणाला?" स्नेही म्हणाले, नाही. "मग झाकणात एक खूण करू का? उद्या तुमच्या मुलानं कुणाकडे उघडायला नेलं, तर त्याला कळेल." स्नेह्यांनी मान हलवली. काकांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण पालथे धरले आणि सुईने आतल्या कडेला तारीख कोरली. तिच्यापुढे आठाचा आकडा.